रस्त्यावरील सुरक्षितता : कायद्याचा धाक आणि घरचे वळण

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात दिलेले भाषण)



अशा प्रसंगी बहुधा परीक्षांचे निकाल, शिष्यवृत्त्या, मुलींचे शिक्षण या विषयांवर बोलले जाते आणि ते योग्यच आहे. आज मी जरा वेगळा विषय घेतला आहे. आपली मुले सकाळी घरातून निघतात आणि शाळेत पोहोचतात. या दोन टोकांच्या मध्ये एक रस्ता असतो. घरात आईवडिलांचे लक्ष असते, शाळेत आम्हा शिक्षकांचे असते. मधल्या रस्त्यावर लक्ष कोणाचे? "पोलिसांचे," असे उत्तर आपण चटकन देऊन टाकतो. ते उत्तर अर्धे बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्या उत्तराविषयी मला आज चार शब्द सांगायचे आहेत.

प्रथम प्रश्न किती मोठा आहे ते पाहू. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत सुमारे साडेनऊ हजार मुले अठरा वर्षांखालील होती. एका वर्गात पन्नास मुले धरली, तर जवळजवळ एकशे नव्वद वर्ग एका वर्षात रिकामे झाले, असा या आकड्याचा अर्थ होतो. त्याच वर्षी हेल्मेट न घातल्यामुळे दगावलेल्यांची संख्या पन्नास हजारांवर होती आणि त्यांपैकी चौदा हजारांहून अधिक लोक गाडी चालवणारे नव्हते, नुसते मागे बसलेले होते.

आता आपल्या उपनगरांकडे वळू. ज्याला आज आपण स्वामी विवेकानंद मार्ग म्हणतो, तो पूर्वीचा घोडबंदर रोड. घाटकोपर, भांडुप, मुलुंडवरून जाणारा लालबहादूर शास्त्री मार्ग हा पूर्वीचा आग्रा रोड. हे दोन्ही रस्ते गावागावांना जोडण्यासाठी होते. त्या काळी दोन्ही बाजूंना शेते, मिठागरे आणि वाड्या होत्या. आज त्याच रस्त्यांवर बस, ट्रक, रिक्षा, मोटारसायकली, हातगाड्या आणि पायी चालणारी माणसे एकाच वेळी वाट काढीत असतात. पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग झाले, जोडरस्ते झाले, उड्डाणपूल झाले. पण पायी चालणाऱ्याच्या वाट्याला काय आले? जेथे पदपथ आहे तेथे दुकानाचा माल मांडलेला असतो, जेथे माल नाही तेथे मोटारसायकली उभ्या असतात. मग शाळेची मुलगी दप्तर घेऊन रस्त्यावर उतरते. मुंबईत अपघातात मरणाऱ्यांमध्ये जवळजवळ निम्मे लोक पादचारी असतात, यात आश्चर्य कसले? आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी मोटार नाही. म्हणजे हा प्रश्न श्रीमंतांच्या मोटारींचा आहे असे समजून आपल्याला बाजूला बसता येत नाही. मरणारा बहुधा आपल्यासारखाच कोणी असतो.

यावर उपाय काय? पुष्कळ लोक म्हणतात, "आपल्या लोकांना शिस्तच नाही, त्याला कोण काय करणार?" हे म्हणणे मला मान्य नाही. याच मुंबईने एका बाबतीत आपली सवय बदललेली आपण पाहिली आहे. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या मजुरांच्या अंगावर मोटार गेली आणि सात जीव गेले. हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१२ साली चालकाची तीन वर्षांची शिक्षा तेथे कायम झाली. त्याआधीच, २००७ च्या जून महिन्यात, मुंबई वाहतूक पोलिसांनी दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांविरुद्ध मोहीम उघडली. रात्री नाक्यानाक्यावर नाकाबंदी सुरू झाली. तोंडाशी यंत्र धरून श्वास तपासला जाऊ लागला. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क आढळला की गुन्हा, ही मर्यादा कायद्यात पूर्वीपासून होती. फरक एवढाच पडला की ती आता खरोखर मोजली जाऊ लागली. मोटार मोठी असो की छोटी, तपासणी होऊ लागली, आणि कित्येकांना कोठडीची हवा खावी लागली. तेव्हापासून या शहरात पार्टीला जाणारा माणूस "परतताना गाडी कोण चालवणार?" हा प्रश्न निघण्यापूर्वीच विचारू लागला.

दुसरे उदाहरण मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाचे. २०१६ साली त्या एका मार्गावर १५१ माणसे दगावली होती. त्यानंतर पोलीस, रस्ते विकास महामंडळ आणि स्वयंसेवी संस्था यांनी एकत्र येऊन अपघातांची ठिकाणे एकेक करून तपासली. उघडे कठडे झाकले, थांबलेल्या ट्रकांवर कारवाई केली, जखमींना लवकर रुग्णालयात नेण्याची व्यवस्था केली. २०१९ पर्यंत मृत्यूंचा आकडा शंभराच्या आत आला. रस्ता तोच, माणसेही आपलीच.

या दोन उदाहरणांवरून माझ्या मते एक गोष्ट स्पष्ट होते. दंडाची रक्कम किती मोठी आहे यापेक्षा पकडले जाण्याची खात्री किती आहे, याला माणूस अधिक भितो. वर्गातही हेच आढळते. वर्षातून एकदा जबर शिक्षा करणाऱ्या शिक्षकाचा वर्ग शांत नसतो. रोज गृहपाठ तपासणाऱ्याचा असतो. म्हणून पोलीस खात्याकडे आपली मागणी असली पाहिजे ती सातत्याची. शाळा सुटण्याच्या वेळी शाळेसमोर हवालदार रोज दिसावा, केवळ रस्ता सुरक्षा सप्ताहापुरता नव्हे. पावती फाडायची तर ती सर्वांची फाटावी. ओळखीच्या माणसाला सोडून परक्याला पकडले, की कायद्याचा धाक तेथेच संपतो. कॅमेऱ्याने पाठवलेली चलाने वर्षानुवर्षे न भरता पडून राहतात. तीही वसूल झाली पाहिजेत. आणि खड्डे, बंद पडलेले सिग्नल, पुसट झालेले झेब्रा पट्टे यांची जबाबदारी ज्या त्या खात्याने घेतली पाहिजे. नागरिकाला शिस्त शिकवणाऱ्याचे स्वतःचे घर नीट असावे, ही अपेक्षा गैर नाही.

परंतु पालकहो, येथवर बोलून मी थांबलो तर तुम्ही टाळ्या वाजवाल आणि निश्चिंत मनाने घरी जाल. म्हणून पुढची गोष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे.

२३ ऑगस्ट २०१६ रोजी खार येथे, आपल्या याच स्वामी विवेकानंद मार्गावर, वाहतूक पोलीस विलास शिंदे यांनी हेल्मेट न घालता मोटारसायकलवर आलेल्या एका अल्पवयीन मुलाला अडवले आणि कागदपत्रे विचारली. मुलाने आपल्या भावाला बोलावून घेतले. शिंदे यांच्या डोक्यावर प्रहार झाला. आठ दिवस मृत्यूशी झुंज देऊन ३१ ऑगस्टला ते गेले. एक बाप, एक घरचा कर्ता माणूस, आपले नेमून दिलेले काम करीत असताना गेला.

या घटनेचा विचार करताना आपण सर्वजण शेवटच्या क्षणाचा विचार करतो : तो प्रहार, ती शिक्षा. मी तुम्हाला पहिल्या क्षणाचा विचार करायला सांगतो. लायसन मिळण्याचे वय न झालेल्या मुलाच्या हाती मोटारसायकलची किल्ली आली कोठून? आणि पोलिसाने अडवल्यावर "माझी चूक झाली" असे म्हणण्याऐवजी घरच्या मोठ्या माणसाला बोलवावे, तो आपलीच बाजू घेईल, असे त्या मुलाला का वाटले? हे दोन प्रश्न पोलीस चौकीत सुटणारे नाहीत. ते घरातच सुटू शकतात.

आपल्या मोहल्ल्यांतील चित्र काही फारसे निराळे नाही. "अब्बा, नाक्यापर्यंतच जाऊन येतो." "अम्मी, पाव आणायचा आहे, लगेच येतो." मुलगा नववीत असतो. पाय कसेबसे जमिनीला टेकतात. वडील कामावर असतात, आई नाही म्हणत नाही, आणि पाहुणे कौतुकाने म्हणतात, "माशाल्ला, पोरगा गाडी चालवायला लागला!" कौतुक येथे थांबते आणि धोका येथे सुरू होतो.

काही पालकांची अशी समजूत असते की सोळा वर्षे पूर्ण झाली की बिनगिअरची स्कूटर चालवता येते. ही समजूत अपुरी आहे. मोटार वाहन कायद्याप्रमाणे सोळाव्या वर्षी जी गाडी चालवता येते तिचे इंजिन पन्नास सी.सी.पेक्षा मोठे असता कामा नये. शिवाय पालकाची संमती आणि लायसन लागतेच. आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक स्कूटर शंभर सी.सी.च्या वर असतात. म्हणजे त्या अठरा वर्षांखालील मुलासाठी नाहीतच.

आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने बोट थेट पालकाकडे दाखवले आहे. अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. आपल्याला हे माहीत नव्हते, अथवा आपण मुलाला रोखण्याचा पुरेसा प्रयत्न केला होता, हे त्याला स्वतः सिद्ध करावे लागते. ते सिद्ध झाले नाही तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही. जरा हिशेब करा. ज्या मुलाला पुढे डिलिव्हरीचे, टॅक्सीचे, कंपनीच्या गाडीचे काम करून पोट भरायचे असेल, त्याची ऐन उमेदीची सात वर्षे एका फेरफटक्यात गेली. शिवाय अपघातात दुसऱ्याला इजा झाली तर विमा कंपनी दिलेली भरपाई गाडीमालकाकडून वसूल करून घेऊ शकते. आयुष्यभर मिळवलेली खोली अशा वसुलीत विकावी लागली, तर दोष कोणाला देणार?

२०२४ सालच्या मे महिन्यातील पुण्याचे कल्याणीनगरचे प्रकरण आपणा सर्वांना आठवत असेल. १९ मेच्या पहाटे एका आलिशान मोटारीच्या धडकेने मोटारसायकलवरील दोन तरुण अभियंते, एक मुलगा आणि एक मुलगी, मृत्युमुखी पडले. मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवीत होता असा पोलिसांचा आरोप आहे. दोषादोषाचा निवाडा न्यायसंस्था करील, त्याविषयी मी बोलत नाही. मला आठवतो तो जामीन देताना घातलेल्या अटींमधील एक भाग : मुलाने रस्ते अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहावा. साऱ्या देशातून संताप व्यक्त झाला आणि तो आदेश पुढे बदलण्यात आला.

मी शिक्षक आहे. निबंध तपासणे हे माझे रोजचेच काम. निबंध ही वाईट गोष्ट नाही. पण तो दोन तरुण गेल्यानंतर लिहायचा नसतो. तो आठवीच्या वर्गात, किल्ली हाती येण्यापूर्वी लिहायचा असतो. लोकशिक्षणाची वेळ अपघाताच्या आधीची आहे. नंतर उरतो तो फक्त कायदा.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, आता थोडा वेळ तुमच्याशी बोलतो. तुम्ही विज्ञान शिकता, गणित शिकता. आपण एक साधे उदाहरण सोडवू. मोटारसायकल ताशी ३० किलोमीटर वेगाने जात आहे. समोर मूल आले. डोळ्यांनी पाहून हात ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. तेवढ्यात गाडी आठ मीटरच्या वर पुढे गेलेली असते. ब्रेक लागल्यावर कोरड्या रस्त्यावर आणखी सुमारे पाच मीटर. म्हणजे तेरा-चौदा मीटरवर गाडी थांबली. आता वेग ५० घ्या. पहिल्या सेकंदातच गाडी जवळजवळ चौदा मीटर गेली! जेथे पहिली गाडी थांबली, तेथे दुसरीने ब्रेक लावायला नुकती सुरुवात केली आहे. तिला थांबायला आणखी चौदा मीटर हवेत. ते मूल त्या चौदा मीटरांच्या आत उभे आहे. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतरचे अंतर चौपट होते, हे सूत्र तुम्ही पुस्तकात वाचता. रस्त्यावर तेच सूत्र कोणाच्या तरी भावाचे किंवा बहिणीचे आयुष्य ठरवते. पावसाळ्यात, ओल्या रस्त्यावर, हे अंतर आणखी वाढते. "माझा हात गाडीवर पक्का बसला आहे," असे कोणी म्हणाले तर त्याला सांगा, हात कितीही पक्का असला तरी हे गणित बदलत नाही.

हेल्मेटचेही असेच. ते पोलिसाच्या डोळ्यांसाठी नसते, डोक्यासाठी असते. नाका दिसताच डोक्यावर आणि नाका ओलांडताच कोपरात, असे पुष्कळ तरुण करतात. मुंबईत जून २०२२ पासून मागे बसणाऱ्यासाठीही हेल्मेटची सक्ती अमलात आली आहे. आपण मोटारसायकलला पाऊण लाख, एक लाख रुपये मोजतो. पण बायको मागे बसते, मूल पुढे टाकीवर बसते आणि हेल्मेट असते एकट्या चालवणाऱ्याला! कुटुंबप्रमुखाने एवढा विचार जरूर करावा.

आणखी एक नाजूक गोष्ट आहे. ती घरातल्या घरात बोलली पाहिजे म्हणून बोलतो. शब-ए-बरातच्या रात्री, ईदच्या आदल्या रात्री आपली काही मुले एका गाडीवर तिघे तिघे बसून, सायलेन्सर काढून, द्रुतगती महामार्गावर कसरती करीत फिरतात. इबादतीची रात्र, कबरस्तानात जाऊन गेलेल्या माणसांसाठी दुआ मागण्याची रात्र. आणि त्याच रात्री घरोघरच्या आया मुलगा सुखरूप परत येईपर्यंत दाराकडे डोळे लावून बसतात. असे प्रकार इतर सणांच्या दिवशी आणि ३१ डिसेंबरलाही होतात, हे खरे आहे. पण दुसऱ्याचा मुलगा चुकतो म्हणून आपल्या मुलाचे हाड मोडायचे राहत नाही. मशिदींतून, मोहल्ला समित्यांतून याविरुद्ध आवाहने होतात, पोलीस बंदोबस्त लागतो. हे सर्व चांगलेच आहे. तरी त्या रात्री गाडीची किल्ली वडिलांच्या खिशात असली, तर या आवाहनांची निम्मी गरजच उरणार नाही.

लोकशिक्षण म्हणजे केवळ भाषण नव्हे, हे मी भाषण करीत असतानाच कबूल करतो! जानेवारी २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी एका प्रयोगाची चित्रफीत प्रसिद्ध केली होती. काही चौकांत सिग्नलला आवाज मोजणारे यंत्र जोडले होते. हॉर्नचा गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला की तांबडा दिवा पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागे. जितका हॉर्न अधिक, तितके थांबणे अधिक. कोणालाही दंड झाला नाही, पण लोक हसले आणि समजले. धडा असा असावा : चुकीचा परिणाम लगेच दिसावा आणि शिकणाऱ्याचा अपमान होऊ नये.

एका सामान्य माणसाचे उदाहरण सांगून शेवटाकडे येतो. २८ जुलै २०१५ रोजी जोगेश्वरी–विक्रोळी जोडरस्त्यावर पाण्याने भरलेल्या खड्ड्यात मोटारसायकल आदळून अंधेरीच्या एका भाजीविक्रेत्याचा सोळा वर्षांचा मुलगा गेला. त्या पित्याचे नाव दादाराव बिल्होरे. ते रडत बसले नाहीत. फावडे, घमेले, खडी, माती घेऊन त्यांनी रस्त्यांवरील खड्डे स्वतः बुजवायला सुरुवात केली आणि पुढील वर्षांत असे शेकडो खड्डे बुजवले. दुसऱ्याचा मुलगा वाचावा म्हणून. रस्त्यात पडलेली त्रासदायक वस्तू दूर करणे हाही ईमानचाच एक भाग आहे, अशी शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो. अंधेरीच्या या भाजीवाल्याने ती आचरणात आणून दाखवली. ज्याचे सर्वस्व गेले तो एवढे करू शकतो, तर आपण आपल्या दुकानासमोरचा पदपथ मोकळा ठेवू शकत नाही काय?

आता संस्थेपुढे, शिक्षकांपुढे आणि पालकांपुढे चार सूचना ठेवतो.

एक, आपल्या शाळेत आर.एस.पी.चे पथक नेटाने चालावे. त्यातील मुलांना केवळ संचलनापुरता गणवेश न देता, वाहतूक पोलिसांच्या देखरेखीखाली शाळेच्या फाटकावर लहान मुलांना रांगेत रस्ता ओलांडून देण्याचे काम द्यावे.

दोन, प्रत्येक विद्यार्थ्याने घरापासून शाळेपर्यंतच्या रस्त्याचा नकाशा काढावा आणि धोक्याच्या जागा लाल पेन्सिलीने दाखवाव्यात. हे सर्व नकाशे एकत्र करून संस्थेने ते महापालिकेच्या विभाग कार्यालयाला आणि वाहतूक पोलीस चौकीला लेखी द्यावेत, आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करावा.

तीन, प्रवेशाच्या वेळी आपण पालकांकडून अनेक कागदांवर सही घेतो. त्यात आणखी एक कागद असावा : अठरा वर्षे पूर्ण होऊन लायसन मिळेपर्यंत मी माझ्या पाल्याला वाहन देणार नाही. आणि रिक्षातून मुले पाठवताना ती किती कोंबली जातात, हेही पालकांनी डोळ्यांनी पाहावे.

चार, अपघात दिसला तर पळून जाऊ नये. मदत करणाऱ्याला पोलीस त्रास देतील ही भीती आता बाळगण्याचे कारण नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली आणि पुढे कायद्याने २०१९ साली अशा माणसाला संरक्षण दिले आहे. त्याच्यावर नाव सांगण्याचीसुद्धा सक्ती करता येत नाही. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका येते. हा क्रमांक प्रत्येक मुलाला पाठ असावा.

बंधु-भगिनींनो, भर उन्हात चौकात उभा असलेला पांढऱ्या शर्टातला हवालदार एका वेळी एकच चौक सांभाळू शकतो. आपल्या घराच्या दारात तो उभा राहू शकत नाही. तेथे आपणच उभे राहायचे आहे. उद्या मुलगा किल्ली मागेल तेव्हा "अजून नाही, बेटा" हे तीन शब्द प्रेमाने पण ठामपणे म्हणा. आणि पोलिसाने अडवले म्हणून तो रागारागाने घरी आला, तर प्रथम त्याला विचारा, "तुझे काय चुकले होते?" एवढे झाले तर कायदा आणि शिक्षण हे एकाच रस्त्याने चालू लागतील, आणि आपली मुले त्या रस्त्याने सुखरूप घरी येतील.